स्वस्तातला वेग

जपानमध्ये गाडी म्हातारी व्हायला फार वेळ लागत नाही. नव्या गाडीला पहिली तीन वर्षं मोकळीक. मग दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची तपासणी, आणि तिचा खर्च दर वेळी खिशाला चावणारा. पेट्रोलवरची गाडी तेरा वर्षांपलीकडे गेली की वार्षिक करही वाढतो. 1995 पर्यंत तर दहा वर्षांवरच्या गाडीचं शाकेन दर वर्षी करावं लागे. संसारी माणूस मग हिशेब मांडतो आणि धडधाकट गाडी काढून टाकतो. अशा गाड्या जहाजात बसून न्यूझीलंडला जात, केनियाला जात. काही थेट भंगारात जात. आणि काही, दोन दारांच्या, जरा चपळ अशा, पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणाऱ्या विशीतल्या पोरांच्या हाती लागत. पगार बेताचा, राहायला एक खोली, आणि खाली भाड्याच्या जागेत उभी असलेली, साडेसात-आठ हजार आरपीएमपर्यंत बिनतक्रार चढणारी गाडी. त्या पगारात असली चैन करता येईल असा दुसरा देश मला तरी माहीत नाही.

ते दिवस गेले. वेगवान गाड्या जपानमध्ये आजही बनतात, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी सरस बनतात. गेलं ते त्यांचं स्वस्तपण. लोक त्या जुन्या गाड्यांचे गुण मोजतात, हलकं वजन, मोकळं इंजिन, हाताला कळणारं स्टिअरिंग, आणि स्वस्तपण यादीत शेवटी टाकतात, जमलं तर. मला वाटतं, यादी तिथूनच सुरू व्हायला हवी.

शतक बदललं त्या सुमारास कंपनीनं मला पुण्याहून हामामात्सुला पाठवलं. होंडा, सुझुकी आणि यामाहा या तिन्हींची मुळं या एका मध्यम आकाराच्या गावात आहेत, त्यामुळे तिथं गल्लीबोळांत सुटे भाग बनवणारी छोटी वर्कशॉप आणि गॅरेजं. माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असंच एक तीन गाड्या मावतील एवढं गॅरेज होतं. मालकाला सगळे ‘शाचो’ म्हणत, म्हणजे कंपनीचे अध्यक्ष. कंपनीत एकूण माणसं दोन: शाचो गाडीखाली आणि त्यांची बायको हिशेबाच्या वहीसमोर. माझी जपानी भाषा त्या वेळी दुकानदाराला घाम फोडण्याइतपतच होती, पण गॅरेजात तिची फारशी गरज पडत नाही. पाना कुठला हवा ते बोटानं दाखवता येतं. शनिवारी मी तिथं जाऊन बसू लागलो, मग हात काळे करू लागलो.

मागच्या भिंतीला लागून एक लाल लेव्हिन उभी असे. लाल म्हणायचं, खरं तर उन्हानं तिचं टप गुलाबी पडलं होतं. 1984 ची गाडी. आधीचा मालक शाळेत शिक्षक होता. 1994 साली गाडीला दहा वर्षं भरत आली, आता दर वर्षी शाकेन करावं लागणार, म्हणून कंटाळून तो ती शाचोंच्या दारात सोडून गेला. शाचोंनी त्याला दिलेली रक्कम महिन्याच्या घरभाड्याएवढीही नव्हती. वर्षभरातच तो कायदा बदलला. शिक्षकानं थोडी कळ काढली असती, तर गाडी आपल्याकडे आलीच नसती, हे शाचो दर वेळी नव्या आनंदानं सांगत.

या गाडीची जन्मकथा मजेदार आहे. 1983 साली टोयोटानं कोरोलाचं नवं घराणं आणलं. सेडानमध्ये पुढची चाकं ओढणारी मांडणी आली, जी आज आपल्या बहुतेक गाड्यांत असते. त्याच घराण्यातली दोन धावती भावंडं म्हणजे कोरोला लेव्हिन आणि स्प्रिंटर त्रुएनो. त्यांच्या खाली मात्र मागच्या पिढीचाच सांगाडा ठेवला: इंजिन उभं, ताकद मागच्या चाकांना, आणि मागं जुन्या पद्धतीचा अखंड ॲक्सल. सगळंच नव्यानं करणं खर्चाचं होतं. वर इंजिन तेवढं ताजं बसवलं, 1587 सीसीचं, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, 130 अश्वशक्ती. वजन साडेनऊशे किलोच्या आत, किंमत पंधरा लाख येनांच्या आसपास. कारखान्याच्या कागदावर ती एई86, रस्त्यावरच्या तोंडी ‘हाचिरोकु’. मागची चाकं घसरवत वळण कापायचा जो खेळ पुढे जगभर गेला, तो त्सुचिया केइइचीसारख्या चालकांनी याच गाडीवर घोटला. आणि ती मागची चाकं तिला मिळाली होती काटकसरीमुळे. कारखान्यानं पैसे वाचवले नसते तर ही गाडी दहाजणींसारखी झाली असती.

एकदा शाचोंनी मला तिच्यातून तेन्र्यू नदीच्या काठानं वर डोंगरात नेलं. पहाट होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दार लावलं तर आवाज हलका, पोकळ. सीटचं कापड मांडीपाशी विरलेलं. शाचो पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना हात क्षणभर थांबवत, दांड्याला जणू परवानगी विचारत, आणि मगच पुढे सरकवत. या गाडीचा टी-50 गिअरबॉक्स नाजूक, दुसऱ्या गिअरला घाई सहन होत नाही, हे त्यांनी गाडीतच सांगितलं. वळण आलं की ब्रेकवर पायाचा चवडा, त्याच पायाच्या टाचेनं ॲक्सिलरेटरला टिचकी, इंजिन भुंकून खालच्या गिअरला जुळायचं, आणि गाडीचं मागचं अंग किंचित बाहेर जाऊन परत यायचं. मी दाराचा कठडा धरून बसलो होतो. काट्याकडे पाहिलं तर साठ-सत्तर. आपण फार वेगात नाही, याचा मला तेव्हा विश्वास बसेना. अंगाला जे कळत होतं ते काट्यावर नव्हतं.

परतताना एक्स्प्रेसवेवर आलो. शंभरच्या पुढे काटा सरकला आणि डॅशबोर्डमागून घंटा वाजू लागली: किण-कोण, किण-कोण, मंदिरात लहान मूल हट्टानं घंटा हलवत राहावं तशी. त्या काळी जपानी गाड्यांना अशी घंटा कायद्यानं बसवावी लागे; 1986 साली ती सक्ती उठली. बहुतेकांनी ती वायर कधीच तोडली होती. शाचोंनी तोडली नव्हती. बायकोचा आवाज दुरुस्त करत नाहीत, असं काहीसं ते म्हणाले. घरी हा विनोद त्यांनी सांगितला नसावा.

त्याच गावात मला आणखी एक ओळखीचा चेहरा भेटला. आपल्याकडे 1986 पासून 2014 पर्यंत जी मारुती 800 रस्त्यावर आली, ती मुळात सुझुकीची जपानी आल्टो. पुण्यात डॉक्टर, वकील, पेन्शनर, सगळ्यांच्या दारात. मीही गाडी शिकलो ती तिच्यावरच. 1987 साली जपानमध्ये त्याच आल्टोतून सुझुकीनं आल्टो वर्क्स काढली. इंजिन आपल्या 800 पेक्षा लहान, 543 सीसी, पण दोन कॅमशाफ्ट, टर्बो आणि 64 अश्वशक्ती. आपली तेव्हाची 800 चाळिशीलाही पोचत नव्हती. जपानमधल्या छोट्या ‘केई’ गाड्यांनी 64 च्या वर जायचं नाही हा सगळ्या कारखान्यांचा समजूतदार करार या वर्क्सच्या आकड्यावरूनच ठरला. बॉनेटला हवेचं भोक पाडलेली ती गाडी एका शाकेन केंद्राबाहेर उभी पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिच्याभोवती फिरत राहिलो.

मित्सुबिशीच्या लान्सरचंही तसंच. हिंदुस्थान मोटर्सनं 1998 पासून तमिळनाडूत तिरुवळ्ळूरला जी लान्सर बनवली, बिल्डर आणि सर्जन मंडळींची आवडती, तिचं अंग आणि लान्सरच्याच रॅलीवाल्या अवताराचं, ‘इव्होल्यूशन’च्या चौथ्या ते सहाव्या आवृत्तीचं, अंग एकच. फिनलंडच्या टॉमी माकिनेननं 1996 ते 1999 लागोपाठ चार वेळा रॅलीचं जगज्जेतेपद मिळवलं, त्यातली शेवटची तीन या अंगाच्या गाडीवर. रॅलीत उतरायचं तर तसल्या किमान अडीच हजार गाड्या लोकांना विकल्या पाहिजेत असा नियम होता. म्हणून माँटे कार्लोच्या बर्फात पळणाऱ्या गाडीची सख्खी बहीण, चार दारं आणि डिकीत किराणा मावेल एवढी जागा घेऊन, जपानी कारकुनाला परवडेल अशा भावात मिळे. नियमाच्या पोटी जन्मलेली ही चैन; नियम बदलले, तशी ती संपली.

तो काळच उदार होता. 1989 साली माझदानं रोडस्टर आणली, 940 किलो, 120 अश्वशक्ती, 17 लाख येन. इंग्रजांनी सोडून दिलेली छोटी उघडी गाडी हिरोशिमाच्या लोकांनी पुन्हा बनवली, आणि ती पावसात गळत नव्हती. 1995 च्या इंटिग्रा टाइप आरच्या इंजिनात हवेचे मार्ग कारागीर हातानं घासून गुळगुळीत करत. 1997 च्या ऑगस्टमध्ये त्याच पद्धतीची सिव्हिक टाइप आर आली: 1.6 लिटर, टर्बो नाही, 8200 आरपीएमला 185 अश्वशक्ती, लाल सीटा, आणि किंमत 19 लाख 98 हजार येन. वीस लाखांच्या आत बसवण्यासाठी हिशेबनिसांनी किती रात्री जागवल्या असतील ते त्या शेवटच्या दोन हजारांवरून कळतं. मी गेलो तेव्हा या गाड्या जुन्या बाजारात येऊ लागल्या होत्या. शाचोंच्या गॅरेजात एक पोरगा यायचा, मासळी बाजारात पहाटेची हमाली करणारा. त्याच्या पांढऱ्या सिव्हिकला मासळीचा वास होता. गाडी धुतो पण वास जात नाही, असं तो ओशाळून म्हणे. पुढे तिची किंमत काय होणार हे त्याला कुणी सांगितलं असतं तरी त्यानं तीत टोपल्या ठेवणं थांबवलं नसतं.

2002 च्या ऑगस्टमध्ये एक मोठी कत्तल झाली. धुराचे नवे नियम आले होते आणि जुनी इंजिनं त्यांत बसेनात. नव्यानं बनवावीत एवढा खप उरला नव्हता. एकाच महिन्यात टोयोटाची सुप्रा, माझदाची आरएक्स-7, निसानची स्कायलाइन जीटी-आर आणि सिल्व्हिया, चारही बंद. मासिकांनी विशेषांक काढले. गॅरेजात चर्चा चालली ती जीटी-आरचीच. शाचो मात्र सिल्व्हियासाठी हळहळले. बाकीच्या तिघी आपल्या कधी होत्या, असं त्यांनी विचारलं. सिल्व्हिया पोरांची गाडी होती, मैत्रिणीला फिरवायची, मग लग्न ठरल्यावर विकायची, मग दुसऱ्या पोरानं घेऊन घाटात आपटायची. तो क्रम तुटला, हे त्यांना त्याच महिन्यात दिसलं. मला दिसायला बरीच वर्षं लागली.

तोवर उलटी गंगा वाहू लागलीच होती. शिगेनो शुइची यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा 1995 मध्ये ‘यंग मॅगझीन’मध्ये सुरू झाली आणि 2013 पर्यंत चालली. तीत टोफूवाल्याचा मुलगा बापाच्या जुन्या त्रुएनोतून पहाटे माल पोचवता पोचवता घाटातला राजा होतो. ज्या गाडीला कुणी विचारत नव्हतं तिला भाव आला. शाचोंचा त्या टोफूवाल्या पोरावर खरा राग होता. पूर्वी ते भंगारवाल्याकडून टी-50 गिअरबॉक्स जवळजवळ फुकट आणत. आता भंगारवालाही चित्रकथा वाचू लागला होता. तरी त्यांनी चार बॉक्स फडताळाखाली जमवून ठेवले होते, प्रत्येकावर खडूनं काहीतरी लिहिलेलं. दुसरा गेला की तिसरा, असं पुरतील आपल्याला मरेपर्यंत, म्हणत.

मग ‘ग्रान तुरिस्मो’ हा खेळ आला, मग अमेरिकी सिनेमे आले, आणि शेवटी आली अमेरिकेची पंचवीस वर्षांची अट. परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की तिथल्या सुरक्षा नियमांतून ती सुटते. 1997 ची सिव्हिक 2022 साली सुटली, 1999 ची जीटी-आर 2024 साली. त्या तारखांवर डोळा ठेवून व्यापाऱ्यांनी आधीपासूनच माल उचलून गोदामांत ठेवला. ज्या म्हातारपणामुळे गाडी जपानमध्ये मातीमोल व्हायची, त्याच म्हातारपणानं ती समुद्रापलीकडे सोन्याची झाली. हाचिरोकु आज नव्या किमतीच्या दुपटी-तिपटीनं विकली जाते आणि विकत घेणारा ती पावसात बाहेर काढत नाही. लोकांनी या गाड्यांवर फार प्रेम केलं, आणि त्या प्रेमानंच त्या रस्त्यावरून उठल्या.

यात एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. त्या घाटांत पोरं मेली. एअरबॅग नसलेल्या, पातळ पत्र्याच्या गाडीतून रात्री दोन वाजता झाडावर जाणं यात काव्य काही नाही. पायथ्याच्या वस्तीतल्या लोकांना झोप नसे. पुढे बऱ्याच घाटांत रस्त्याला उंचवटे आले, मध्यरेषेवर खांब आले, आणि ते यायलाच हवे होते. गुन्मामधल्या शिबुकावा शहरात तर दोन्ही झालं: डोंगरावर पोरांना अडवलं गेलं आणि गावात गटारांच्या झाकणांवर त्याच चित्रकथेतल्या गाड्या रंगवून पर्यटकांना बोलावलं गेलं. कथेतल्या दुकानाचा नमुना असलेलं खरं टोफूचं दुकान मध्यंतरी पाडलं गेलं, त्याचा दर्शनी भाग आता जवळच्या एका संग्रहालयात आहे.

कारखान्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. 2012 साली टोयोटानं सुबारूबरोबर नवी ‘86’ आणली. तिची सगळ्यांत स्वस्त आवृत्ती लोखंडी चाकं आणि बिनरंगाचे बंपर घेऊन 19 लाख 90 हजार येनांना मिळे: घ्या आणि हवं ते करा. कामानिमित्त मी त्या वर्षी पुन्हा हामामात्सुला होतो. शाचोंबरोबर शोरूममध्ये गेलो. विक्रेत्याला सौजन्यानं बाजूला करून त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि विचारलं, प्लग कुठे आहेत? इंजिन आडवं पसरलेलं, प्लग दोन्ही बाजूंना खाली, हात जाणार नाही असे. गाडी छान आहे, ते म्हणाले, मात्र ही माझ्यासारख्याला पोसणार नाही. सुझुकीच्या 2017 च्या स्विफ्ट स्पोर्टला मात्र त्यांनी पुढे पास केलं. 970 किलो, 140 अश्वशक्ती, 18 लाख 36 हजार येन. आपल्याकडे गल्लोगल्ली स्विफ्ट आहे, पण ही स्पोर्ट भारतात कधी आली नाही, याची माझी रुखरुख जुनी आहे. तिचीही ‘फायनल एडिशन’ 2025 मध्ये निघाली.

आणि सिव्हिक टाइप आर? 2022 ची 330 अश्वशक्तीची आहे, वजन 1430 किलो, किंमत तेव्हा 49 लाख 97 हजार 300 येन. इथंही हिशेबनिसांनी रात्र जागवलेली दिसते, फक्त या वेळी पन्नासच्या आत. मागणी एवढी आली की काही महिन्यांत ऑर्डर घेणंच थांबवावं लागलं. टोयोटाच्या जीआर कोरोलाच्या पहिल्या पाचशे गाड्या जपानमध्ये सोडत काढून दिल्या. एका सहकाऱ्याची नवी सिव्हिक मी चालवली आहे. तिच्यात बसून दोष काढणं म्हणजे कृतघ्नपणा होईल. पण तीत मासळीच्या टोपल्या कोण ठेवील?

महासाथीच्या दुसऱ्या वर्षी शाचो गेले. पोटाचा आजार होता, तो त्यांनी शाकेनसारखा पुढे ढकलत नेला. जपानच्या सीमा बंद होत्या, मी पुण्यात होतो. बातमी त्यांच्या मुलानं ईमेलनं कळवली, आईच्या वतीनं, फार शिष्ट आणि नेटक्या भाषेत. मुलगा नागोयात एका विमा कार्यालयात आहे. त्याच्याकडे गाडी नाही. स्टेशन जवळ आहे, लागत नाही. त्याच्या पिढीत हे सर्रास आहे आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. गॅरेजची जागा भाड्याची होती. तिथं आता तासावर पैसे घेणारं पार्किंग झालंय.

लेव्हिन लिलावात गेली. मुलानं मला लिलावाच्या कागदाचा फोटो पाठवला, यातलं काही कळत नाही, ठीक आहे ना पाहा म्हणून. त्या कागदावर गाडीची वरून पसरलेली आकृती असते आणि तपासनीस तिच्यावर खुणा करतो: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे ठोकून सरळ केलेला पत्रा. लेव्हिनचं अंग खुणांनी भरलेलं होतं. मागच्या उजव्या बाजूला डब्ल्यू-2. तो पत्रा शाचोंनी माझ्यासमोर ठोकला होता, आतून लाकडी ठोकळा धरायचं काम माझं होतं. तपासनिसाला ती दुरुस्ती दिसली याचा त्यांना राग आला असता. आतल्या भागाला ‘सी’ श्रेणी. टपाच्या रंगाबद्दल एक ओळ. मिळालेला आकडा पाहून मुलाला धक्का बसला. वडिलांनी ती कितीला घेतली होती ते त्याला माहीत होतं. गाडी एका निर्यातदारानं घेतली. कुठल्या देशात गेली ते त्या कागदावर नसतं.

फडताळाखालचे चार लोखंडी डाग कसले आहेत, असं त्यानं नंतर विचारलं. भंगारवाला येणार होता. मी त्याला घाईघाईनं लिहिलं की ते टी-50 आहेत, भंगारात देऊ नकोस, आणि खडूनं काय लिहिलंय त्याचा फोटो पाठव. तीनांवर ‘चांगला’ लिहिलं होतं. चौथ्यावर ‘दुसरा अडतो’. त्यानं ते जसंच्या तसं जाहिरातीत टाकलं, वडिलांच्या अक्षराच्या फोटोसकट. आठवडाभरात चारही विकले गेले, आणि अडणाऱ्यासाठी तिघांनी बोली लावली होती.